घोट्याइतक्या पाण्यापासून

(वाचनासाठी शास्त्रभाग : यहेज्केल ४७ : १–७)



आजच्या विचारासाठी जो शास्त्रभाग आम्ही घेतला आहे तो यहेज्केल संदेष्ट्याला झालेल्या एका दर्शनाचा आहे. मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघाले व ते पूर्वेकडे वाहू लागले. हाती मापनसूत्र घेतलेला एक पुरुष संदेष्ट्याला घेऊन निघाला. त्याने हजार हात अंतर मोजले व संदेष्ट्याला पाण्यातून चालविले. तेथे पाणी घोट्यापर्यंत होते. पुन्हा हजार हात मोजले, तेव्हा पाणी गुडघ्यांस लागले. पुन्हा मोजले, तेव्हा ते कमरेस लागले. चौथ्या वेळेस मात्र पाय टेकेना. आता ते चालत जाण्याचे पाणी राहिले नव्हते, पोहण्याचे झाले होते. ह्यानंतर त्या पुरुषाने त्याला विचारले की, तू हे पाहिलेस ना? आणि त्याला परत नदीच्या काठावर आणले.

ह्या भागावर आपण पुष्कळ उपदेश ऐकले आहेत, आणि बहुतेकांत त्या पाण्याचेच वर्णन असते. आज आम्ही त्या पुरुषाकडे आपले लक्ष लावू इच्छितो. त्याने संदेष्ट्याला काठावर उभे करून पाण्याचे नुसते वर्णन सांगितले नाही. आणि त्याला उचलून एकदम खोल डोहात लोटलेही नाही. त्याने आधी मोजले, मग चालविले. थोडे थोडे पुढे नेले, आणि शेवटी सुखरूप काठावर आणून पोहोचविले. लहान लेकरांस पाण्यावर घेऊन जाणाऱ्या शिक्षकाचे सर्व काम ह्या एका चित्रात आले आहे. आणि ज्याच्या हाती मंडळीची लेकरे सोपविली आहेत, त्या प्रत्येक उपदेशकाचे व शब्बाथशाळेच्या मास्तरांचे कामही ह्यातच आले आहे.

ठाणे जिल्ह्यातील आंबिवली ज्यांनी पाहिली आहे त्यांस ठाऊक आहे की, ती दोन नद्यांच्या शेजारची वस्ती आहे. एका अंगास मोहन्याकडे उल्हास नदी, दुसऱ्या अंगास टिटवाळ्याच्या वाटेवर काळू नदी. पावसाळ्यात दोहोंचे पाणी गढूळ होऊन काठाबाहेर येते. इतक्या पाण्याजवळ वाढणाऱ्या मुलांपैकी रीतीने पोहणे शिकलेली किती निघतील, हे ज्याने त्याने आपापल्या घरात मोजून पाहावे. आता असे मनासमोर आणा की, तेथील एका प्राथमिक शाळेचे गुरुजी आपल्या वर्गातील वीस मुलांस पोहण्याच्या धड्यासाठी घेऊन निघाले आहेत. सकाळची लोकल गाडी आहे. शहाड, कल्याण, ठाकुर्ली ही स्थानके मागे टाकून डोंबिवलीस उतरावयाचे आहे. तेथे सावळाराम महाराज क्रीडासंकुलात पालिकेने तरणतलाव बांधलेला आहे. गाडीत चढताना मुले मोजावयाची, उतरताना मोजावयाची, रस्ता ओलांडल्यावर मोजावयाची. एकाचा टॉवेल घरी राहिला आहे, एकीला ताप येऊन गेला आहे, एक मुलगा वाटेतच रडू लागला आहे. आणि गावात लोक म्हणत आहेत की, अभ्यास सोडून गुरुजींना हे काय सुचले! मुलांना पाण्यात खेळवायला पगार मिळतो काय? आणि एखादे मूल बुडाले तर जबाबदार कोण?

ह्यांतील शेवटचा प्रश्न टाकाऊ नाही. आईबापांच्या मनातील भीती खरी आहे, व तिला हसणारा शिक्षक लेकरे सोपविण्यास योग्य नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत व पावसाळ्याच्या तोंडाशी नदीत, खदाणीत, शेततळ्यात मुले बुडाल्याची बातमी आपण वारंवार वाचतो. आपल्या देशात २०२२ ह्या एका वर्षी बुडून मेलेल्यांची सरकारी नोंद अडतीस हजारांहून अधिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली सर्व जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांत शंभरामागे चाळिसांहून अधिक पंधरा वर्षांखालील मुले होती. तेव्हा भिण्याजोगे काही नाही असे आम्ही कसे म्हणावे?

परंतु भीतीने काय उपाय करावा, ह्याचा विचार केला पाहिजे. बहुतेक घरांत एकच उपाय केला जातो, तो म्हणजे मनाई. पाण्याकडे जाऊ नकोस. गेलास तर पाय मोडीन. ही मनाई प्रेमाचीच आहे. पण ती मुलास राखते काय? आंबिवलीपासून दूर नाही, डोंबिवलीजवळच्या संदप गावच्या खदाणीवर ७ मे २०२२ रोजी एका कुटुंबातील माणसे धुणे धुण्यास गेली होती. पोहण्यास म्हणून कोणी गेले नव्हते. एक मूल पाण्यात पडले. त्याला काढण्यास दुसरे धावले, दुसऱ्यासाठी तिसरे. आणि त्या एका घरातील पाच जण, दोन बायका व तीन मुले, बुडून गेली. बंधूंनो, ह्या ठिकाणी कोणी बेफाम झाला नव्हता, कोणी आज्ञा मोडली नव्हती. एकमेकांवरील प्रेमाने ती पाण्यात उतरली. प्रेम होते, पाण्याची विद्या नव्हती. पाण्याकडे जाऊ नये असे सांगून आपण मुलास पाण्यापासून किती दिवस दूर ठेवणार? एखाद्या दिवशी पाणीच त्याच्याकडे येते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी ह्यांच्या मध्ये उल्हासचे पाणी रुळांवर आले व महालक्ष्मी एक्सप्रेस हजाराहून अधिक उतारूंसह पुरात अडकली. देवाच्या दयेने व नावा घेऊन आलेल्या जवानांच्या श्रमाने सर्व वाचले. ती माणसे पाण्याकडे गेली नव्हती. ती आपल्या गावी निघाली होती.

प्राचीन यहूदी गुरूंनी बापाची कर्तव्ये सांगितली, त्यांत मुलास नियमशास्त्र शिकवावे, धंदा शिकवावा, ही तर आहेतच. पण त्याला पोहणेही शिकवावे, असे काहींनी त्यांत घातले, व हे मत तालमूद ग्रंथात नोंदलेले आहे. शास्त्र, पोटाचा धंदा, आणि पाण्यात जीव राखण्याची विद्या ही तिन्ही एकाच रांगेत! मुलाचा आत्मा देवाने दिला आहे, आणि शरीरही त्यानेच दिले आहे. दोहोंची राखण सोपविलेली आहे. आज जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते की, सहा वर्षांवरील मुलांस पोहण्याची, पाण्यातील सावधपणाची व स्वतः न बुडता दुसऱ्यास वाचविण्याची विद्या शिकवावी.

तर मग ही विद्या कशी द्यावी? मापनसूत्र घेतलेल्या पुरुषाकडे पुन्हा पाहू या.

पहिली गोष्ट ही की, त्याने आधी मोजले. संदेष्ट्याचे पाऊल पाण्यात पडण्याआधी त्याचे सूत्र पडले होते. आपल्याकडे एक म्हण आहे की, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. म्हण खरी आहे. पण तिचा आधार घेऊन पोरास विहिरीत ढकलून देणारे काका-मामा आम्ही पाहिले आहेत. काही पोरे तशीही पोहावयास शिकली. पण काही पोरांच्या मनात पाण्याची अशी दहशत बसली की ती जन्मभर घोट्याइतक्या पाण्यातही उतरली नाहीत. आपले जुने लोक ह्याहून शहाणे होते. ते शिकाऊ पोराच्या पाठीस वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधीत. पुढे झाकण घट्ट लावलेला पत्र्याचा डबा आला. कमरेस दोर, दोराचे टोक जाणत्याच्या हाती. आणि पोराची भीती जसजशी उतरे तसतसा आधार कमी करीत. हेच हजार हात मोजणे होय. तरणतलावात खोली आकड्यांनी लिहिलेली असते, तळ दिसतो, पाणी स्थिर असते. नदीत ह्यांपैकी काहीही नसते. जेथे वाळू उपसलेली आहे तेथे गुडघाभर पाण्याच्या पुढल्या पावलासच पुरुषभर खड्डा लागतो. वरून शांत दिसणाऱ्या डोहाच्या पोटात ओढ असते. खदाणीची कड सरळ तुटलेली असते व तिच्यावर शेवाळ असते. म्हणून ज्या शिक्षकाने स्वतः पाणी मोजलेले नाही, त्याने दुसऱ्याच्या लेकरास त्यात उतरवू नये. आणि तलावात चार हात मारता आले म्हणून नदीही आपलीच झाली, असे मुलास वाटू देऊ नये. घोट्याइतके शिकलेल्याने घोट्याइतक्यातच राहावे, हेही शिक्षणच आहे.

दुसरी गोष्ट ही की, पाणी चढत गेले तरी त्याने साथ सोडली नाही. जो शिक्षक काठावरून ओरडतो की, घाबरू नकोस, त्याचे शब्द पाण्यात पोहोचत नाहीत. जो स्वतः छातीइतक्या पाण्यात उभा राहून दोन्ही तळहात मुलाच्या पाठीखाली धरतो, त्याला ओरडावे लागत नाही. पोहण्याचा पहिला धडा हातापायांचा नसतो, श्वासाचा असतो. मूल प्रथम काठावर बसून पाय हालविते. मग तोंड पाण्यात घालून हळूहळू श्वास सोडते व बुडबुडे पाहून हसते. मग कठडा धरून अंग लांब करते. मग पाठीवर निजून तरंगते. माणसाचे शरीर जवळजवळ पाण्याइतकेच जड असते, आणि छातीत हवा भरली म्हणजे ते बहुधा तरंगते. बुडविते ती धडपड. भ्यालेला मनुष्य अंग ताठ करतो, डोके व हात पाण्याबाहेर उचलतो, आणि त्याच भाराने खाली जातो. जो अंग सैल सोडतो त्याला पाणी उचलून धरते. हे मुलास शब्दांनी पटत नाही. पाठीखाली भरवशाचा हात असला म्हणजे पटते.

येथे आपल्याला पेत्राची आठवण होते. पेत्र जन्माचा कोळी. समुद्र त्याच्या अंगवळणी पडलेला. पुनरुत्थानानंतर प्रभूला काठावर ओळखताच ह्याच पेत्राने सुमारे दोनशे हातांवरून पाण्यात उडी टाकली होती. तरी त्या वादळाच्या रात्री वारा पाहून तो भ्याला व बुडू लागला. मग प्रभूने काय केले? त्याने तत्काळ हात पुढे करून त्याला धरले. अल्पविश्वासाबद्दलचा बोल त्यानंतर आला. क्रम ध्यानात घ्या : आधी हात, मग बोल. आम्ही शिकविणारे पुष्कळदा हा क्रम उलटा करतो. मूल गटांगळ्या खात असते, आणि आम्ही त्याच्या चुकीवर प्रवचन देत असतो. मग ते पाणी तलावाचे असो, पाढ्यांचे असो, की परीक्षेचे असो.

तिसरी गोष्ट ही की, त्या पुरुषाची दृष्टी ज्याला नेले त्याच्यावर होती. तू पाहिलेस ना, असे विचारणारा स्वतः पाहत होता. ह्या गोष्टीवर जीव अवलंबून आहे. बुडणारे मूल आरोळ्या मारते व हात हालविते, असे आपण समजतो. परंतु खरे बुडणे बहुधा मुके असते. तोंड पाण्याच्या वर क्षणभर येते, तेवढ्यात श्वास घ्यावा की हाक मारावी? ते श्वासासाठीच पुरत नाही. मिनिटाच्या आत सर्व आटोपते, आणि चार पावलांवर उभ्या असलेल्या माणसास वाटते की मूल खेळत आहे. म्हणून राखणाऱ्याने कानांवर विसंबू नये. डोळे पाण्यावरून काढू नयेत. हातातला मोबाईल पिशवीत जावा, शेजाऱ्याशी चाललेले बोलणे थांबावे. मुलांच्या दोन दोन जोड्या लावाव्यात, आणि शिट्टी झाली की प्रत्येक जोडीने एकमेकांचे हात वर धरावेत; म्हणजे कोणाची जोड तुटली हे लगेच दिसेल. बाळ मोशे नदीच्या लव्हाळ्यांत पेटीत ठेवला होता, तेव्हा त्याची बहीण दूर उभी राहून पाहत होती. तिच्याजवळ सामर्थ्य नव्हते, शस्त्र नव्हते. नजर होती, आणि ती तिने काढून घेतली नाही. ज्याने पुढे इस्राएलास समुद्रापार नेले तो त्या मुलीच्या नजरेखाली वाचला.

जेथे ही नजर व हे मोजमाप नव्हते तेथे काय झाले, हे सांगताना जीभ अडखळते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रकिनारी पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली, व बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका मरण पावल्या. नावेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे घेतली होती, आणि बहुतेकांच्या अंगावर तरंगण्याचे जाकीट नव्हते. कोणाचा न्याय करण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. तो न्यायालयाचा विषय आहे. परंतु सहल काढणाऱ्या प्रत्येक मास्तरांनी व शब्बाथशाळेच्या प्रत्येक पुढाऱ्याने ही दोन नावे, मुरूड आणि हरणी, आपल्या हजेरीपुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत. नाव भरत असता जो म्हणू शकतो की, ह्या नावेत आमची मुले बसणार नाहीत, तोच खरा मेंढपाळ. मग मुले रुसोत, नाववाला रागावो, की दिलेले पैसे बुडोत.

चौथी गोष्ट ही की, शेवटचे पाणी पोहण्याचे होते. घोट्यापाशीच थांबावयाचे असते तर त्या पुरुषाने पुढे नेलेच नसते. शिक्षकाच्या हाताची खरी परीक्षा तो कधी सुटतो ह्यात आहे. पाठीखालचा हात रोज एक बोट कमी व्हावा, आणि एके दिवशी मूल मागे वळून पाहील तो गुरुजी चार हात दूर उभे आहेत व आपण आपलेच तरंगत आहोत, असे व्हावे. आणि ज्याला पोहता येते त्याच्यावर त्याच दिवसापासून ऋण चढते. पौलाचे तारू माल्टा बेटाजवळ फुटले तेव्हा त्यावर २७६ जण होते. ज्यांस पोहता येते त्यांनी आधी उडी टाकून किनारा गाठावा, आणि इतरांनी फळ्यांवर व तारवाच्या तुकड्यांवर यावे, असे शताधिपतीने सांगितले. आणि सर्वच्या सर्व वाचले. पोहणारे होते, न पोहणारेही होते, आणि प्रत्येकासाठी काही ना काही आधार होता.

ह्यावरून एक व्यवहाराची गोष्ट प्रत्येक घरात शिकवून ठेवावी. कोणी बुडत असेल तर त्याच्यामागे उडी टाकू नये. बुडणारा भीतीने वाचविणाऱ्यासच मिठी मारतो व दोघे जातात. काठावर पालथे पडून काठी किंवा बांबू पुढे करावा. नाहीतर दोर, लुगडे, ओढणी, झाकण लावलेला रिकामा डबा फेकावा. आणि मोठ्याने हाका मारून माणसे जमवावीत. बाहेर काढलेल्यास उलटे टांगून किंवा गरगर फिरवून पोटातील पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास चालत नसेल तर तोंडाला तोंड लावून श्वास द्यावा, छाती दाबीत राहावे, व १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शूनेमकरिणीच्या मुलावर अलीशा संदेष्टा ओणवा झाला व त्याने आपले तोंड त्याच्या तोंडास लावले, हे आपण वाचतोच. ते वाचताना हा धडाही मुलांस सांगावा. संदपच्या त्या काठावर ही विद्या असती तर एक दुःख पाच दुःखे न होते, असे आमच्या मनात वारंवार येते.

आता एक प्रश्न राहिला : काठावर कोण उरले? बेथेस्दा तळ्याच्या काठी अडतीस वर्षे आजारी पडलेला एक मनुष्य होता. पाणी त्याच्या डोळ्यांसमोर होते, पण त्याला पाण्यात सोडणारा कोणी नव्हता. आपल्या काठावर असे पुष्कळ आहेत.

आपल्या मुली तेथे आहेत. मुलगा नदीवर जातो व चुकतमाकत का होईना पोहावयास शिकतो. मुलगी मात्र धुण्याचे पिळे, भांडी, घागरी घेऊन रोज पाण्याच्या अगदी कडेस बसते, आणि तिला कोणी शिकवीत नाही. लोक काय म्हणतील, कपडे कोणते घालावेत, एवढ्यावर बोलणे संपते. जी पाण्याला सर्वांत जवळ तीच सर्वांत असहाय! अंगभर पोशाख शिवता येतो. शिकविण्यास बाई ठेवता येते. मुलींची वेळ वेगळी मागता येते. बंगालच्या आरती साहा लहानपणी काकांबरोबर घाटावर जाताजाता पोहणे शिकल्या, आणि १९५९ साली इंग्लिश खाडी पोहून जाणारी आशियातील पहिली स्त्री त्या झाल्या. खाडी पोहणे सर्वांस नको. पण कोणी काका, कोणी बाप, कोणी गुरुजी घाटावर घेऊन गेला पाहिजे.

जखमी व अपंग लेकरे तेथे आहेत. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे शिपाई १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. दुखावलेल्या अंगास व्यायाम म्हणून त्यांनी पोहणे धरले, आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धेत पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. जमिनीवर ज्याचे पाय चालत नाहीत त्यालाही पाणी उचलून धरते, हे शिक्षकाने विसरू नये.

आणि ज्यांच्या वाडवडिलांस पाण्याला शिवूही दिले नाही, त्यांची लेकरे तेथे आहेत. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांस हे सांगावयास नको. गावची विहीर ज्यांस बंद होती त्यांच्या पोरांनी त्या विहिरीत उड्या कोठून माराव्यात? १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोले ह्यांचा ठराव मंजूर होऊन सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करावे असे ठरले. तरी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी घेण्यासाठी डॉक्टर आंबेडकरांस हजारो लोकांसह चालून जावे लागले, आणि त्याचा निकाल उच्च न्यायालयातून लागण्यास १९३७ साल उजाडले. म्हणून आज पालिकेच्या तलावात सर्व आळ्यांची मुले एकाच पाण्यात उतरतात, एकच पाणी सर्वांच्या नाकातोंडात जाते, आणि शिक्षकाचा एकच हात सर्वांच्या पाठीखालून फिरतो, ही लहान गोष्ट नाही. पुस्तकातील समतेचा पाठ मुले विसरतील. हे विसरणार नाहीत.

प्रियजनहो, जे पाण्याविषयी तेच वचनाविषयीही खरे आहे, आणि ते थोडक्यात सांगून आम्ही पुरे करतो. आपल्या लेकरांस जगाच्या पाण्यात उतरावेच लागणार आहे. गावातून शहरात, शेतावरून कारखान्यात, घरातून परक्यांत. त्यांना नुसते भय घालून ठेवाल तर पहिल्याच पुरात ती वाहून जातील. एकदम लोटाल तर ती विश्वासासच भितील. म्हणून मोजून न्या, बरोबर उतरा, नजर काढू नका, आणि वेळ आली म्हणजे हात सोडा. घोट्याइतकी प्रार्थना करणाऱ्या मुलाकडून कमरेइतक्या विश्वासाची अपेक्षा करू नका. पण त्याला घोट्यातच म्हातारेही होऊ देऊ नका.

आणि ज्या मंडळीत असे गुरुजी किंवा अशी बाई मुलांस पाण्यावर नेण्यास तयार असेल, त्या मंडळीने त्यांस एकटे सोडू नये. वीस मुलांमागे दोन डोळे पुरत नाहीत. तरुणांनी बरोबर जावे, आयांनी काठावर बसून मोजणी करावी, ज्यांस सामर्थ्य आहे त्यांनी गरिबाच्या मुलाचे शुल्क व गाडीभाडे भरावे. खेड्यात तरणतलाव नसेल तर पायऱ्यांची विहीर, दोर, डबा व दोन जाणते पोहणारे ह्यांची व्यवस्था पंचांनी करावी. प्रत्येक घराने पाण्याच्या टाकीवर झाकण घालावे. कारण रांगत्या मुलास बुडण्यास नदी लागत नाही.

दर्शनाच्या शेवटी त्या पुरुषाने संदेष्ट्याला काठावर परत आणले, आणि त्या काठावर दोहों बाजूंस पुष्कळ झाडे होती. आंबिवलीच्या फलाटावर संध्याकाळी गुरुजी पुन्हा एकदा मुले मोजतात, आणि विसाची संख्या विसासच भरते, तेव्हा त्यांच्या दिवसाचे फळ तेच असते. त्याची नोंद कोठल्याही अहवालात होत नाही. परंतु ज्या पित्याने आपल्या डोक्यावरील केसही मोजलेले आहेत, त्याच्याजवळ ही मोजणीही लिहिलेली आहे. तो आपल्या सर्व लेकरांस, जी पोहतात त्यांस व जी अजून काठावर आहेत त्यांस, आपल्या हाताखाली सुखरूप राखो. आमेन.